विश्लेषण : ताकदवान सर्व्हो बसवूनही क्रॉलरची चाके का वळत नाहीत?

रिमोटवर चालणारी, दगडधोंडे चढणारी छोटी गाडी म्हणजे आरसी रॉक क्रॉलर. तिचे पुढचे चाक दोन दगडांच्या खाचेत अडकले आणि वळेनासे झाले, की बहुतेक जण आधी स्टिअरिंगचा सर्व्हो बदलतात. डब्यावर २५ किंवा ३५ किलो लिहिलेला नवा सर्व्हो येतो आणि जुन्याच जागी, जुन्याच प्लगमध्ये बसतो. सपाट फरशीवर गाडी झोकात वळते. दगडावर मात्र चाक पुन्हा अडते आणि या वेळी तर अख्खी गाडी क्षणभर बंद पडते. मग सर्व्हो खराब निघाला असे समजून तो परत पाठवला जातो, नाही तर त्याहून मोठा मागवला जातो. खरी अडचण बहुतेक वेळा वायरिंगमध्ये असते. मोठ्या सर्व्होला लागणारी वीज जुन्या वाटेने त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. ही वाट कशी बदलायची आणि ती बदलताना काय जळू शकते, याचे हे विश्लेषण.

रॉक क्रॉलर इतर रिमोट गाड्यांपेक्षा वेगळी कशी?

शर्यतीची रिमोट गाडी वेगासाठी बनवतात, तर क्रॉलर चढण्यासाठी. बहुतेक क्रॉलर खऱ्या गाडीच्या एकदशांश मापाच्या असतात. वेग माणसाच्या चालीइतका, टायर मऊ आणि गिअर अतिशय खालचे. चढावर पुढची चाके उचलली जाऊ नयेत म्हणून वजन मुद्दाम पुढे ठेवलेले असते. अनेक क्रॉलरमध्ये डिफरन्शियल ‘लॉक’ असते, म्हणजे एका धुरीवरची दोन्ही चाके कायम सारख्याच वेगाने फिरतात. त्यामुळे एक चाक हवेत असले तरी दुसरे गाडी ओढत राहते.

चढण्यासाठी सोयीच्या असलेल्या या गोष्टी वळताना आड येतात. वळणावर आतल्या चाकाला कमी आणि बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचे असते. लॉक असलेल्या धुरीवर ते शक्य नसल्याने टायर घासत वळवावा लागतो. त्यात पुढचे वजन आणि मऊ टायरची पकड यांची भर पडते. २०१७ मध्ये बाजारात आलेल्या ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४ या गाडीत डिफरन्शियल रिमोटवरूनच लॉक-अनलॉक करण्याची सोय दिली गेली. त्यामागचे एक कारण हेच. पुढचे लॉक काढले की स्टिअरिंगवरचा भार लगेच हलका होतो.

बडनेऱ्याच्या वाचकाने हे का समजून घ्यावे?

अमरावती-अकोल्याचा परिसर दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. क्रॉलरला मोठे मैदान लागत नाही. घराच्या बांधकामातून उरलेली दगडांची रास किंवा कोरड्या नाल्याचा काठ पुरतो. या दगडाच्या कडा धारदार असतात, टायर त्यांत घट्ट बसतो आणि स्टिअरिंगची खरी परीक्षा तिथेच होते.

दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे. बडनेऱ्यात १९८३ पासून अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. आज ते प्रा. राम मेघे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड रिसर्च या नावाने ओळखले जाते. अभियांत्रिकीच्या कोणत्याही महाविद्यालयात रोबोटचा हात, सौर पॅनेल सूर्याकडे वळवणारी यंत्रणा किंवा चालणारा यंत्रमानव करायचा म्हटला, की सर्व्हो आलाच. क्रॉलरमध्ये होणारी चूक या प्रकल्पांतही तशीच होते. ती एकदा समजली, तर प्रकल्प ऐन परीक्षकांसमोर बंद पडण्याचा एक मोठा धोका टळतो.

सर्व्होच्या आत काय असते?

एक छोटी डीसी मोटर, वेग कमी करून ताकद वाढवणारे गिअर, दांडा कोणत्या कोनात आहे हे सांगणारा पोटेन्शिओमीटर किंवा सेन्सर आणि या सगळ्यावर लक्ष ठेवणारे सर्किट, एवढे सर्व्होच्या पोटात असते. बाहेर तीन तारा येतात. लाल तार पॉझिटिव्ह, काळी किंवा तपकिरी निगेटिव्ह आणि पांढरी, पिवळी किंवा नारिंगी तार सिग्नलची.

सिग्नलच्या तारेतून साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक लहानसा स्पंद येतो. त्याची रुंदी १,५०० मायक्रोसेकंद असेल तर दांडा मध्यावर राहतो. ती १,००० किंवा २,००० च्या बाजूला सरकली की दांडा डावीकडे किंवा उजवीकडे वळतो. सिग्नलच्या तारेतून ताकद जात नाही, फक्त हुकूम जातो. ताकदीची सगळी वीज लाल-काळ्या जोडीतून येते. पुढची सगळी गुंतागुंत या जोडीची आहे.

डब्यावरचे ‘२५ किलो’ म्हणजे नेमके किती?

हे एकक किलो-सेंटिमीटर आहे. दांड्याच्या मध्यापासून १ सेंटिमीटर अंतरावर २५ किलो वजन पेलेल, असा त्याचा अर्थ. सर्व्होवर बसणारा हात, म्हणजे हॉर्न, अडीच सेंटिमीटर लांब असेल तर त्याच्या टोकाला १० किलोचाच जोर मिळतो. त्यामुळे लांब हॉर्न लावला की चाक जास्त वळते, पण जोर कमी होतो.

दुसरी मेख व्होल्टेजची. विद्यार्थ्यांच्या ओळखीच्या एमजी ९९६ आर या सर्व्होचे माहितीपत्रक पाहा. ४.८ व्होल्टला त्याचा टॉर्क ९.४ आणि ६ व्होल्टला ११ किलो-सेंटिमीटर दिलेला आहे. सर्व्हो तोच, पण व्होल्टेज घसरले की ताकदही घसरते. मोठ्या सर्व्होच्या डब्यावर छापलेला आकडा बहुधा त्याला चालणाऱ्या सर्वांत जास्त व्होल्टेजचा असतो. ७.४ किंवा ८.४ व्होल्टला ३५ किलो देणारा सर्व्हो ५-६ व्होल्टवर चालवला, तर पैसे ३५ किलोचे दिलेले असतात आणि काम त्याहून बरेच कमी मिळते.

मग अडते कुठे?

मोटर मोकळी फिरत असते तेव्हा तिच्यातच उलट दिशेचे व्होल्टेज तयार होते आणि ते विजेचा प्रवाह आवरून धरते. चाक दगडात अडकले आणि मोटर थांबली की हा आवर जातो. प्रवाह एकदम कमाल पातळीवर चढतो. यालाच स्टॉल करंट म्हणतात. एमजी ९९६ आर चालताना ६ व्होल्टला अर्धा ते ०.९ अँपिअर घेतो, तर अडकल्यावर अडीच अँपिअर. क्रॉलरसाठी घेतल्या जाणाऱ्या मोठ्या सर्व्होंमध्ये हा आकडा ४, ६, कधी ८ अँपिअरपर्यंतही जातो.

ही वीज येते कुठून? क्रॉलरमध्ये बॅटरी आधी ईएससीला, म्हणजे मोटरचा वेग ठरवणाऱ्या नियंत्रकाला जोडलेली असते. ईएससीच्या पोटात बीईसी नावाचे छोटे सर्किट असते. ते बॅटरीचे व्होल्टेज ५-६ व्होल्टपर्यंत उतरवून रिसिव्हरला देते आणि रिसिव्हरच्या पिनांमधून तीच वीज सर्व्होला मिळते. अनेक तयार गाड्यांमधला हा बीईसी २ ते ३ अँपिअरचाच असतो. कंपनीच्या मूळ सर्व्होला तेवढे पुरते. ६ अँपिअर मागणाऱ्याला ते पुरणार नाही.

शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. डीपीपासून लांबच्या विहिरीपर्यंत बारीक केबल ओढली आणि तिच्यावर मोठी मोटर चढवली, की सुरू होतानाच खोपीतला दिवा मंद होतो. मोटर नुसती हूं करते आणि पाणी चढत नाही. अशा वेळी आणखी मोठ्या हॉर्सपॉवरची मोटर आणून काय होणार? केबल बदलावी लागते. क्रॉलरचे तसेच आहे.

फरक एवढाच, की इथे मोटरच्या आधी रिसिव्हर बेशुद्ध पडतो. सर्व्हो आणि रिसिव्हर एकाच वाटेवर असल्याने सर्व्होने ओढ घेतली की रिसिव्हरचेही व्होल्टेज कोसळते. ते एका मर्यादेखाली गेले की रिसिव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि रिमोटशी नव्याने जुळायला वेळ घेतो. तेवढा वेळ गाडी कोणाच्याच ताब्यात नसते. उभ्या दगडावर असेल तर सरळ खाली येते.

दोष वायरिंगचाच आहे हे कसे ओळखावे?

साधी चाचणी अशी. गाडीची पुढची चाके हवेत उचलून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवा. मग गाडी जाड सतरंजीवर ठेवा, पुढून हाताने दाबा आणि तेच करा. हवेत चाके व्यवस्थित वळतात, पण दाबल्यावर रिसिव्हरचा दिवा लुकलुकतो किंवा ईएससी सुरू होतानाचा ‘बीप’ पुन्हा देतो, असे झाले तर वीज कमी पडते आहे.

मल्टिमीटर असेल तर रिसिव्हरच्या एखाद्या रिकाम्या जागी व्होल्टेज पाहत ही चाचणी करा. क्षणभराची घसरण साध्या मीटरला पकडता येत नाही. मीटरवर किमान मूल्य धरून ठेवण्याची सोय असेल तर ती वापरा. ६ व्होल्टचा आकडा ४ च्या आसपास आला, तर वेगळा पुरावा नको.

दाबल्यावर व्होल्टेज टिकते आणि तरीही चाक वळत नाही, असे असेल तर दोष यंत्राच्या बाजूला शोधा. हॉर्न घसरतो का, सर्व्होचा माउंट वाकतो का, चाकाचा सांधा घट्ट आहे का, हे पाहा.

जोडणीचे मार्ग किती?

बाहेरून वेगळा बीईसी लावायचा, हे उत्तर. भुसावळ-नागपूर मुख्य मार्गावरून बडनेऱ्याला अमरावतीचा फाटा फुटतो, तसा बॅटरीच्या मुख्य तारांतून सर्व्होसाठी वेगळा फाटा काढायचा. हा बीईसी ईएससीच्या बॅटरीकडच्या तारांवर समांतर जोडला जातो. लाल लालला, काळी काळीला. तिथून पुढे दोन मार्ग आहेत. दोन्हींत लाल तारेचा नियम वेगळा असल्याने सर्वाधिक चुका इथेच होतात.

पहिला मार्ग म्हणजे सगळ्यांना एकच बीईसी. नव्या बीईसीचा प्लग रिसिव्हरच्या बॅटरीच्या जागी लावायचा आणि सर्व्हो नेहमीसारखा रिसिव्हरलाच ठेवायचा. मात्र ईएससीच्या प्लगमधली लाल तार काढावीच लागते. प्लगवरची प्लॅस्टिकची बारीक जीभ टाचणीने उचलली की लाल तारेची पिन बाहेर येते. ती कापायची नाही, हीट श्रिंक चढवून बाजूला बांधून ठेवायची. ती तशीच राहिली तर दोन बीईसी एकमेकांना जोडले जातात. एकाचे ६ आणि दुसऱ्याचे ७.४ व्होल्ट असेल, तर मोठा लहानात वीज ढकलू लागतो आणि ईएससी खराब होऊ शकतो.

हा मार्ग सोपा आहे, पण त्याला दोन मर्यादा आहेत. सर्व्होची सगळी वीज अजूनही रिसिव्हरच्या बारीक पिनांतूनच जाते. शिवाय रिसिव्हर, दिवे, गिअर बदलणारा छोटा सर्व्हो या सगळ्यांना नव्या बीईसीचे व्होल्टेज मिळते. ६ व्होल्टच्या छोट्या सर्व्होला ७.४ दिले तर तो जळण्याची शक्यता असते. रिसिव्हरला किती व्होल्ट चालतात, हे माहितीपत्रकात पाहिल्याशिवाय हा मार्ग धरू नये.

दुसरा मार्ग म्हणजे सर्व्होपुरता वेगळा फाटा. मोठ्या सर्व्होसाठी हाच बरा. नव्या बीईसीच्या लाल-काळ्या तारा थेट सर्व्होच्या लाल-काळ्या तारांना जोडायच्या. रिसिव्हरकडून सर्व्होकडे दोनच तारा आणायच्या, सिग्नल आणि निगेटिव्ह. रिसिव्हर ते सर्व्हो ही लाल तार तोडलेलीच राहील. ईएससीची लाल तार मात्र इथे काढायची नाही, कारण रिसिव्हरला वीज तिच्यातूनच मिळते. आता सर्व्होने कितीही ओढ घेतली तरी रिसिव्हरचे व्होल्टेज हलत नाही.

निगेटिव्ह तार रिसिव्हरकडूनही का आणायची? स्पंद मोजायला सर्व्होला आणि रिसिव्हरला एकच शून्यपातळी लागते. बॅटरीमार्गे दोघांचे निगेटिव्ह जोडलेले असतात खरे, पण त्या वाटेवर मोटरचा जोरदार प्रवाह असतो आणि त्याने शून्यपातळी डगमगते. मग सर्व्हो कारण नसताना थरथरतो. सिग्नलसोबत निगेटिव्ह नेली की हा त्रास कमी होतो. बीईसीकडच्या मुख्य निगेटिव्हचा जोड मात्र पक्का हवा. तो सुटला तर सर्व्होचा सगळा प्रवाह या बारीक तारेतून परतू पाहतो आणि ती तापते.

थेट बॅटरीलाच जोडले तर?

हा तिसरा मार्ग काही सर्व्होंना चालतो, सगळ्यांना नाही. लायपो बॅटरीच्या एका सेलवर ३.७ व्होल्ट लिहिलेले असते, पण पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्टचा असतो. म्हणजे ७.४ व्होल्टची दोन सेलची बॅटरी चार्जरवरून काढताना ८.४ व्होल्ट देते आणि ११.१ ची तीन सेलची १२.६ व्होल्ट. माहितीपत्रकात ८.४ व्होल्ट चालेल असे स्पष्ट लिहिले असेल, तरच सर्व्हो दोन सेलवर थेट जोडावा. ‘७.४ व्होल्टचा सर्व्हो आणि ७.४ व्होल्टची बॅटरी’ हा हिशेब पहिल्याच मिनिटाला महागात पडू शकतो. तीन सेलवर तर त्यासाठीच बनवलेला सर्व्हो लागतो.

थेट जोडणीत आणखी एक गोष्ट होते. बॅटरी उतरत जाते तशी स्टिअरिंगची ताकदही उतरत जाते. बीईसी व्होल्टेज स्थिर ठेवतो, हा त्याचा मोठा फायदा.

बीईसी किती अँपिअरचा घ्यावा?

सर्व्होचा स्टॉल करंट पाहावा आणि त्यावर पाव ते एक तृतीयांश वाढ धरावी. ६ अँपिअरचा सर्व्हो असेल तर ८ अँपिअर पेलणारा बीईसी हवा. विंच किंवा दुसरा सर्व्होही त्यावर टाकायचा असेल तर त्याचा आकडा वेगळा मिळवावा. डब्यावरचा १० अँपिअर हा आकडा बहुधा क्षणभराचा कमाल असतो. सतत किती पेलतो, ते बारीक अक्षरात लिहिलेले असते आणि तेच खरे.

बीईसी ‘स्विचिंग’ प्रकारचा घ्यावा. जुन्या ‘लिनिअर’ प्रकारात जास्तीचे व्होल्टेज उष्णतेत जाते. ११.१ व्होल्टवरून ६ व्होल्ट करताना ३ अँपिअर वाहिले, तर सुमारे १५ वॉट नुसते तापण्यात जातात. बोटाएवढ्या सर्किटला ही सोल्डरिंग आयर्नसारखी भट्टी झाली.

तारेची जाडी इतकी महत्त्वाची का?

हिशेब करून पाहू. सर्व्होसोबत अनेकदा २६ गेजची तार येते. तिचा रोध मीटरला सुमारे ०.१३ ओहम. तार ३० सेंटिमीटर लांब असेल तर जाण्यायेण्याची मिळून ६० सेंटिमीटर, म्हणजे ०.०८ ओहम. ६ अँपिअर वाहिले की जवळपास अर्धा व्होल्ट तारेतच हरवतो. तीच लांबी २० गेजची असेल तर घट ०.१२ व्होल्टवर येते. आपल्याकडे इलेक्ट्रिशियन ज्याला अर्धा स्क्वेअर एमएम म्हणतात, तीच साधारण २० गेज. मात्र घरातल्या फिटिंगची कडक तार नको. सिलिकॉन आवरणाची, बारीक तंतूंची मऊ तार घ्यावी, कारण क्रॉलरमध्ये ती सतत हलते.

तार जाड करून भागत नाही, ती लहानही करावी. बीईसी सर्व्होच्या जवळ, हवा लागेल अशा जागी बसवावा. प्रत्येक जोड सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक चढवावी. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड दगडांवरच्या हादऱ्यांत टिकत नाही.

कपॅसिटर लावून भागते का?

रिसिव्हरच्या रिकाम्या जागी मोठा कपॅसिटर लावायचा उपाय अनेक जण सुचवतात. ४,७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला आणि वीज ३ अँपिअरने कमी पडत असेल, तर अवघ्या दीड मिलिसेकंदात १ व्होल्ट उतरतो. सर्व्हो अर्धा सेकंद अडकून राहिला तर कपॅसिटर त्याला काय पुरणार? क्षणिक झटके शोषायला तो ठीक आहे, पण बीईसीची जागा घेऊ शकत नाही.

पहिल्यांदा वीज देताना क्रम कोणता?

सर्व्हो न जोडता आधी फक्त बीईसीला बॅटरी द्यावी आणि मल्टिमीटरवर व्होल्टेज पाहावे. व्होल्टेज बदलता येणारे काही बीईसी कारखान्यातून ५ व्होल्टच्या आसपास ठेवलेले येतात, काहींवर जंपर चुकीच्या जागी असतो. आकडा योग्य दिसला की बॅटरी काढावी आणि मग सर्व्हो जोडावा.

इथे एक सावधगिरी हवी. नेहमीच्या तीन पिनांच्या प्लगमध्ये लाल तार मध्ये असते. प्लग उलटा बसला तरी पॉझिटिव्ह जागच्या जागी राहते, सर्व्हो चालत नाही पण सहसा जळतही नाही. दोन तारांच्या वेगळ्या फाट्यात हे संरक्षण उरत नाही. तिथे लाल-काळी उलटी झाली की सर्व्होचे सर्किट गेलेच. म्हणून हा जोड दोनदा तपासावा.

त्यानंतर हॉर्न न लावता रिमोट आणि गाडी सुरू करावी. सर्व्हो मध्यावर आला की चाके सरळ ठेवून हॉर्न बसवावा. हॉर्नचे दाते सर्व्होच्या दात्यांशी जुळतात ना, तेही पाहावे. २५ दात्यांचा हॉर्न २४ दात्यांच्या सर्व्होवर ठोकून बसवला तर दोन्ही वाया जातात.

शेवटची आणि अनेकांकडून राहून जाणारी पायरी म्हणजे रिमोटवर वळणाची मर्यादा, म्हणजे एंड पॉइंट, ठरवणे. चाक पूर्ण वळून धुरीच्या लोखंडाला टेकले आणि सर्व्हो तरी रेटतच राहिला, तर तो प्रत्येक वळणावर स्टॉल करंट खातो. पूर्ण वळवल्यावर सर्व्हो गुणगुणत असेल तर ती याची खूण आहे. गुणगुण थांबेपर्यंत मर्यादा कमी करावी. हे एवढे केले तरी सर्व्होचे आयुष्य बरेच वाढते.

बॅटरीची भीती कितपत बाळगावी?

तीन सेलची ५,००० एमएएचची लायपो बॅटरी शॉर्ट झाली तर शंभर अँपिअरहून अधिक प्रवाह देऊ शकते. बीईसीकडे जाणारी बारीक तार तेव्हा क्षणात लाल होते. म्हणून फाट्याच्या सुरुवातीलाच साडेसात किंवा १० अँपिअरचा फ्यूज टाकावा. तो मोटारसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात सहज मिळतो. सोल्डर करताना बॅटरी काढलेलीच असावी.

फाटा थेट बॅटरीवर असल्याने ईएससीचे बटण बंद केले तरी नवा बीईसी सुरूच राहतो. बॅटरी कमी झाल्यावर ईएससी मोटर थांबवतो, पण या फाट्याला थांबवत नाही. गाडी तशीच कपाटात ठेवली तर दोन-चार दिवसांत बॅटरी इतकी उतरते, की पुन्हा चार्ज करणे धोक्याचे ठरते. चालवून झाले की बॅटरीचा प्लग काढण्याची सवय हवी.

वऱ्हाडातल्या उन्हाळ्याचा वेगळा विचार करावा लागतो. अशा बॅटऱ्या चार्ज करण्याची वरची मर्यादा साधारण ४५ अंश सेल्सियस असते. मे महिन्यात अकोला-अमरावतीत सावलीतच पारा तिथवर जातो. टिनाच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या कारमध्ये तो कितीतरी पुढे असतो. त्यामुळे उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्री करावे. खेळून आल्यावर बॅटरी गार होऊ द्यावी. बॅलन्स चार्जर वापरावा आणि चार्जिंग होईपर्यंत जवळ थांबावे. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. बरेच दिवस ठेवायची असेल तर सेलला ३.८ व्होल्टवर ठेवावी.

कॉलेजच्या प्रकल्पात हाच प्रश्न कसा दिसतो?

रोबोटचा हात आर्डुइनो बोर्डला जोडलेला असतो आणि बोर्ड लॅपटॉपच्या यूएसबीला. सर्व्होची लाल तार बोर्डच्या ५ व्होल्टच्या पिनमध्ये असते. यूएसबी २.० चा पोर्ट अर्धा अँपिअर देतो आणि त्यावरचा एकच एमजी ९९६ आर अडकला की अडीच अँपिअर मागतो. हात काही उचलायला गेला की बोर्ड रीसेट होतो, प्रोग्राम पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू होतो आणि विद्यार्थी रात्रभर कोडमध्ये चूक शोधत बसतात. कोड बरोबर असतो. सर्व्होला वेगळा वीजपुरवठा, बोर्डकडून फक्त सिग्नल आणि निगेटिव्ह एकत्र, हेच इथलेही उत्तर. क्रॉलरचा दुसरा मार्ग जसाच्या तसा.

खरेदीआधी काय पाहावे?

खरेदीच्या आधी कागदावर तीन आकडे लिहावेत. सर्व्होला चालणारे कमाल व्होल्टेज, त्याचा स्टॉल करंट आणि आपल्या ईएससीतल्या बीईसीची क्षमता. तिसरा आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल आणि त्याचे व्होल्टेज पहिल्यात बसत असेल, तर वेगळा बीईसी घेण्याची गरज नाही, जुन्याच प्लगवर काम भागेल. तसे नसेल तर बीईसी, तार, फ्यूज आणि कनेक्टर यांचा खर्च सर्व्होच्या किमतीतच धरावा. तो खर्च झेपत नसेल तर थोडा लहान सर्व्हो घेऊन त्याला पूर्ण वीज द्यावी. पूर्ण वीज मिळालेला २० किलोचा सर्व्हो अर्धपोटी ३५ किलोच्या सर्व्होपेक्षा दगडावर जास्त कामाचा ठरतो.